लाल पेनाच्या खुणा

माझी थोरली बहीण घरी बसून मुद्रितं तपासायची. छपाईआधीच्या पानांवर, समासात, लाल पेनाने चुका दाखवायच्या आणि पानं प्रकाशकाला परत द्यायची. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. एका कोशाचा पहिला भाग तपासून तिने बिल दिलं. सहा महिने पैसे आले नाहीत. दुसऱ्या भागाची पानं मात्र आली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तिने ‘कोशाचं बिल आलं की’ म्हणत तिसऱ्यांदा पुढे ढकलली.

सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी असेल, तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेच लागतात, असं माझ्या वाचनात आलं होतं. एका रविवारी लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसले. अर्जात उद्योगाचं नाव विचारलं होतं.

“काय लिहिशील गं? चष्मा, पेन आणि कंपनी?” ती म्हणाली.

“ताई, पैसे अडकलेत तुझे.”

“ओळखीचे आहेत ते. त्यांना काय कायदा दाखवायचा?”

मलाही हसू आलं. लॅपटॉप मीच मिटला.

दुसरा भाग देऊन झाला आणि पुढच्याच आठवड्यात जिन्यातली शेवटची पायरी तिला दिसली नाही. तीन आठवडे रुग्णालयात होती. घरी आली नाही.

आमच्या सोसायटीतले वकील म्हणाले, “नोंदणी कामाआधीची लागते. आता दिवाणी दावा. तुमच्या ताईंनी काम केल्याचा लेखी पुरावा काय आहे?”

सगळं फोनवर ठरलेलं. पुरावा म्हणजे ती पानं, आणि ती प्रकाशकाकडे.

मी हडपसरला त्यांच्या कार्यालयात गेले. प्रकाशकांनी चहा मागवला, मग दोन गठ्ठे समोर ठेवले.

“बिल उगाच नाही थांबवलं. हे बघा.”

वरच्या पानावरची प्रत्येक खूण एक ओळ खाली होती. चूक एकीकडे, दुरुस्ती दुसरीकडे.

“तिला कळवलं का नाही?”

“त्यांना वाईट वाटलं असतं.”

“तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया तुमच्या बिलासाठी थांबली होती.”

त्यांनी हिशेबनिसाला बोलावून दोन्ही भागांची मिळून निम्मी रक्कम द्यायला सांगितली. पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेलं होतं. रुग्णालयाचे पैसे द्यायचे होते. मी सही केली.

“ही पानं नेऊ का?”

“न्या. आम्हाला आता काय उपयोग?”

घरी येऊन गठ्ठे सोडले. प्रकाशकांनी दाखवलेलं पान दुसऱ्या भागातलं होतं. ज्याचं बिल अडलं होतं, तो पहिला भाग मी दोन दिवस, पट्टी धरून, ओळीओळीने पाहिला. त्यातली एकही खूण हललेली नव्हती.