चुना दिलेली भट्टी

नाताळ आठवड्यावर आला की दयाबाईच्या अंगात येतं. घर, ओटा, कुंपणाचे दगड, घरच्या माणसांच्या कबरी, दिसेल त्याला चुना! शिरूरच्या जुन्या मिशन आवारात तिच्या कुंच्यातून काही सुटत नाही. कोंबडं जागचं हललं नाही तर त्यालाही रंगवेल, असं तिची सून ब्लेसी म्हणते.

सुटली होती ती फक्त मागची भट्टी. तांब्याची मोडकी भांडी गाळायची ती भट्टी, आणि दयाबाईचे सासरे एबनेझर यांचा जन्म तिच्या तोंडाशी गेला. म्हातारपणी ते रोज तिथं जाऊन बसत, आतल्या काजळीवरून, हिरव्या डागांवरून हात फिरवत. "हात लावू नगंस," असं त्यांनी दयाबाईला बजावलं होतं. का, ते विचारायची तिची छाती झाली नाही.

यंदा भट्टी पाडून तिथं गाड्या लावायला जागा करायचं मिशनच्या मंडळींनी ठरवलं. दयाबाईनं आवार डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठं पुण्याहून जुन्या वास्तूंचे साहेब येऊन बघतील असं ठरलं. त्यांनी होय म्हटलं तर भट्टी राहणार, नाही तर जाणार.

पुण्याचा पाहुणा, आणि भट्टी अशा अवतारात? छे! आदल्या दिवशी दयाबाई पदर खोचून आत शिरली. सासऱ्यांचं बजावणं आठवलं, पण तिनं ते कानाआड केलं. काजळी घासली, हिरवे डाग खरवडले आणि वर चुन्याचे दोन हात दिले.

साहेबांनी वाकून आत बॅटरी मारली. "इथं तांबं गाळत होते, कशावरून?"

"म्हंजी? आमचं मामंजी सोता गाळायचं की!"

"खरं असेल, मावशी. पण खूण पाहिजे. काजळी, तांब्याचा हिरवा थर, असं तपासता येईल काहीतरी."

दयाबाईनं पांढऱ्या भिंतीकडं बघितलं. "व्हती," ती म्हणाली. "कालपातुर व्हती."

साहेब भला माणूस. त्यानं बराच वेळ कोपरे धुंडाळले, पण पांढऱ्या भिंतीवर लिहिणार काय? तो गेला आणि चौथ्या दिवशी जेसीबी आला.

भिंत कोसळली तेव्हा आतल्या विटा उघड्या पडल्या. हिरव्यागार! आता दाखवायच्या कुणाला? त्यातली एक दयाबाईनं पदरात घेतली आणि एबनेझरांच्या कबरीच्या उशाशी नेऊन ठेवली.

नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्या कबरी पांढऱ्याशुभ्र झाल्या. ब्लेसी कुंचा घेऊन आली. "आई, आजोबांची तेवढी राहिली."

"राहू दे," दयाबाई म्हणाली. "हात लावू नगंस."