व्हय महाराजा

नारळ फुटून पाणी दगडावर सांडलं, की त्या वासाने मला लांज्याकडच्या एका गावातलं देऊळ आठवतं. खाडीतल्या कालव-शिंपल्यांवरचा आमचा शोधनिबंध नियतकालिकाने तेव्हा नुकताच मागे घेतला होता, कारण त्यातली दोन पानं दुसऱ्याच्या लेखातून उचललेली निघाली. ती मी उचलली होती. चौकशीत मात्र मी सहलेखिका असलेल्या माझ्या विद्यार्थिनीचं नाव सांगितलं, आणि तिची पीएच.डी. माझ्या हातात असल्यामुळे ती गप्प राहिली. तिच्या वडिलांनी मला गावी बोलावलं. म्हणाले, “सर, पोरीनं तुमचं नाव घालवलंन. देवाकडे गाऱ्हाणं घालूया.” ओलसर, काळोख्या गाभाऱ्यापुढे गुरवाने सुरुवात केली, “लेकराच्या हातून चोरी झाली, त्याला पदरात घे रे महाराजा,” आणि मागे उभ्या माणसांनी रीतीप्रमाणे “व्हय महाराजा” म्हटलं. ती खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. मीही म्हटलं, इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच. मग खोबऱ्याचा तुकडा तिनेच माझ्या हातावर ठेवला. “घ्या सर.” पुढे तिने संशोधन सोडलं. स्वतःच्या नावाने तिथे गाऱ्हाणं घालावं असं मी दरवर्षी ठरवतो, पण गुरवाला जे सांगायचं, ते आधी तिच्या वडिलांना सांगावं लागेल.