खांद्याला अठरा टाके

आमच्या विणकाम मंडळाच्या वहीबद्दल कुणाला विचारताय, यावर उत्तर ठरायचं. लोणंदच्या एक शिक्षिका म्हणायच्या, वही घरात असते ते चार दिवस तेवढे मला माझे वाटतात. साताऱ्यात पोस्टामागं राहणारी एक मैत्रीण म्हणायची, कसली वही, काकूंच्या कौतुकाचं रजिस्टर आहे ते. सांगलीतल्या दोघी जावांचं तर एकमेकींत पटायचं नाही. थोरलीला वहीशिवाय करमत नसे, आणि धाकटी म्हणे, नमुने मासिकातही मिळतात, इथं फक्त पोहे जास्त. माझं मत विचाराल तर मला ती वही फार आवडायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यावरून मी वहीची वैरीण ठरले.

नव्वद सालानंतरची ती तीन-चार वर्षं. नवरा फौजेत. लग्नानंतर दोन वर्षं मी त्याच्याबरोबर उत्तरेत, क्वार्टरमध्ये काढली. तिथल्या पंजाबी आणि पहाडी बायका भाजी शिजेपर्यंत विणायच्या, रेशनच्या रांगेत विणायच्या, भांडतानासुद्धा हातातल्या सुया खाली ठेवायच्या नाहीत. त्यांच्याकडून मी शिकले. मग त्याची बदली जिथं कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी झाली आणि मी साताऱ्याला सासरी आले. सासरचं कुणी वाईट नव्हतं. पण एकटीनं घराबाहेर पडायला कारण लागायचं, आणि माझ्याकडं कारणं तीनच होती: दवाखाना, देऊळ आणि गुरुवारी तीन ते पाच मंडळ. त्यातलं मंडळ तेवढं मी स्वतः निवडलेलं.

वही जाड पुठ्ठ्याची होती, कापडी पाठीची. डाव्या पानावर कृती लिहायची, उजव्या पानावर विणलेला नमुना दोऱ्यानं टाचायचा. ती आधी साताऱ्यात घरोघर फिरायची आणि मग कुणी जाणारं-येणारं मिळालं की एसटीनं सांगलीला जायची. साताऱ्याच्या थंडीला स्वेटर लागतो, सांगलीच्या थंडीला टोपडं पुरतं, असं आम्ही सांगलीकरणींना चिडवायचो, पण विणायच्या त्या आमच्याहून जास्त. वहीच्या शेवटी अभिप्रायाची पानं होती. खंडेनवमीला काकूंच्या घरी सुया, क्रोशे आणि वही पाटावर मांडून पूजा व्हायची, वहीवर झेंडूचं फूल ठेवलं जायचं. पूजेतली वही म्हणून नियम एकच, वहीत खाडाखोड करायची नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं.

काकू म्हणजे आमच्या अध्यक्ष. वय साठीचं, नवरा वकील, आवाज असा की वकिली त्यांनीच करायला हवी होती. त्यांचं श्रेय मी नाकारणार नाही. ज्यांच्या हाती कधी सुई नव्हती अशा किती जणींना त्यांनी बसवून शिकवलं. कुणी बाळंतीण झाली की काकूंची पिशवी दारात हजर. बोलत बोलत, समोरच्याकडं बघत त्या विणायच्या आणि एक टाका निसटायचा नाही.

वहीत सातव्या पानावर काकूंचा बाळाचा स्वेटर होता. सगळ्यात जास्त विणलेला नमुना हाच. पाठीला साठ टाके, वर आल्यावर दोन्ही खांद्यांना बावीस-बावीस टाके बंद करायचे, मधे गळ्याला राहिले सोळा. मी तो नणंदेच्या बाळासाठी विणला. घालायला गेले तर गळा बाळाच्या कानांपर्यंत आला आणि तिथंच अडकला. आत अंधार झाल्यावर बाळानं जो सूर लावला, त्यानं शेजारीण धावत आली. मी गुपचूप वरचा भाग उसवला, खांद्याला अठरा-अठरा बंद केले, गळ्याला चोवीस ठेवले, आणि स्वेटर बसला. मग वही माझ्याकडं आली तेव्हा मी अभिप्रायाच्या पानावर काय लिहिलं? ‘फार छान.’

मीच नाही, सगळ्यांनी हेच केलं होतं. पुढं एकेकीकडून कळत गेलं. एकीनं खांद्यावर बटणं लावली होती. एकीनं पुढून उभा कापून त्याचं जाकीट केलं होतं. लोणंदच्या बाईंनी तो बाहुलीला घालून कपाटात ठेवला होता. प्रत्येकीला वाटलं होतं की चूक आपल्याच हाताची, कारण काकूंचा आकडा चुकेल कसा? आणि पानावर मात्र ओळीनं ‘सुंदर’, ‘उपयुक्त’, ‘अप्रतिम, काकू’.

मग एकदा वही सांगलीहून परत आली तेव्हा त्या पानावर एक नवा मजकूर होता. कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करणारी एक सभासद होती. मी तिला पाहिलेलं नव्हतं, तिचं अक्षर आणि तिचे नमुने तेवढे ओळखायची. वहीत लिहितात तशा शुद्ध भाषेत तिनं लिहिलं होतं, ‘माझ्या बहिणीच्या बाळाला बारशात स्वेटर घालताना तो डोक्यात अडकला. बाळ रडून लाल झालं. सगळ्यांदेखत माझ्या सासूबाई म्हणाल्या, हिचा हातच वाकडा. खरं असेल. मी आता विणकाम सोडते. माझी पाळी पुढच्या घरी द्यावी.’

मी पानं उलटून तिचा आधीचा नमुना काढला. चिमुकली वेलबुट्टी होती. खिडकीशी नेऊन पाहिली, एक टाका सैल नाही, एक घट्ट नाही. हा हात वाकडा? माझं डोकं सणकलं. तिच्यावर नाही, काकूंवरही नाही. आमच्या त्या ओळीनं लिहिलेल्या ‘छान छान’वर, आणि त्यातल्या माझ्या ओळीवर सगळ्यात जास्त.

तिच्या मजकुराखाली मी लिहिलं, ‘तुमचा हात बरोबर आहे. सातव्या पानावरचा आकडा चुकला आहे. खांद्याला बावीस नव्हे, अठरा टाके हवेत. मीसुद्धा उसवून अठरा केले होते आणि वर छान लिहिलं होतं. ते खोटं होतं.’ खाली सही केली आणि दुसऱ्याच दिवशी वही पुढच्या घरी पोचती केली, म्हणजे माझाच विचार बदलायला नको.

वही दीड महिन्यानं फिरून आली ती जड होऊन. एवढे अभिप्राय तिच्यात आजवर कधी पडले नव्हते. एकीनं लिहिलं होतं की मोठ्यांच्या चुका काढणं हे आपले संस्कार नाहीत. एकीनं लिहिलं होतं, विषय नाजूक आहे, तरी विचार व्हावा. काय विचार व्हावा ते लिहिलं नव्हतं. सांगलीची थोरली जाऊ म्हणत होती की फौजेतल्या बायकांना असंच मोकळं बोलायची सवय असते. धाकटीनं त्याखाली ‘आमच्याकडंही अडकला होता’ एवढंच लिहिलं होतं, आणि सही केली नव्हती, पण तिचं तिरकं अक्षर कुणाला कळणार नाही? लोणंदच्या बाईंनी लिहिलं, दोन्ही बाजू बरोबर आहेत. बावीस आणि अठरा दोन्ही बरोबर! त्या शाळेत गणित शिकवायच्या.

काकूंनी मला घरी बोलावून घेतलं. चहा दिला. म्हणाल्या, “हे बघ, चाळीस तरी बाळांना मी माझ्या हातानं हा स्वेटर घातलाय. एकाचंही डोकं अडकलं नाही. तुला माझ्याशी बोलायचं होतं तर इथं यायचं. वहीत कशाला?”

“तिनं वहीत लिहिलं, काकू. मग उत्तरही वहीतच नको का?”

काकूंचं त्यावर ठरलेलं होतं. पुढच्या महिन्यात सांगलीला दोन्ही गावांची एकत्र बैठक होती. तिथं मी सगळ्यांसमोर वहीत लिहायचं, की चूक माझ्या हातची होती आणि आकडा बरोबर आहे. नाही लिहिलं तर नाव कमी होणार. नाव कमी म्हणजे गुरुवार गेला. घरी आले तर सासूबाईंना सगळं आधीच ठाऊक होतं.

“लिहून टाक की गं दोन ओळी,” त्या म्हणाल्या. “दोन ओळींनी काय झिजतेस का?”

महिनाभर मी स्वतःला हेच विचारत राहिले. झिजणार नव्हते, हे खरं. मला गुरुवार हवा होता, हेही खरं. बायकांच्या त्या गलक्यात बसून मला माझं वय आठवायचं, नाहीतर घरात मी सूनबाई आणि पत्रात सौभाग्यवती. सांगलीच्या एसटीत बसले तेव्हासुद्धा माझं पक्कं ठरलेलं नव्हतं. आज कुणी विचारलं तर मी छाती काढून सांगते की ठरलं होतं, पण नव्हतं.

बैठक थोरल्या जावेच्या घरी होती. सतरंजीवर सोळा-सतरा जणी. काकूंनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली, वर पेन ठेवलं, आणि नेहमीप्रमाणं पिशवीतून आपलं विणकाम काढलं. पोपटी लोकर, बाळाचाच स्वेटर, पाठीचा एक खांदा नुकताच बंद झालेला. माझं लक्ष त्या खांद्यावर गेलं आणि माझे डोळे आपोआप मोजायला लागले. विणणाऱ्या बाईला ही खोड असतेच.

“काकू, जरा इकडं देता?” मी म्हटलं, आणि त्यांनी सवयीनं दिलाही. मी तो सगळ्यांपुढं धरला आणि बंद केलेले टाके मोठ्यानं मोजले. सोळा, सतरा, अठरा. संपले.

एकेकीचे ओठ हलत होते. सगळ्या मोजत होत्या. काकूंनी स्वेटर परत घेतला आणि स्वतः बोटानं मोजला. मला तेव्हा उलगडलं. त्यांनी वहीत बघून हा स्वेटर कधी विणलाच नव्हता. हाताला अठरा ठाऊक होते. कधीतरी लिहून देताना बावीस पडले आणि मग खाडाखोड चालत नव्हती. चाळीस बाळांचं त्या खोटं बोलत नव्हत्या. मला क्षणभर त्यांची दया आली. आता त्या हसतील, म्हणतील बघा कशी फजिती झाली, आणि आम्ही सगळ्या पोहे खाऊ, असं मला मनापासून वाटलं.

काकू म्हणाल्या, “आकड्याचं राहू दे. तू चारचौघींत लिहिलंस, ते चुकलं. तेवढं लिही.”

आणि सगळ्यांच्या माना हलल्या! खांदा समोर पडलेला, टाके मोजून झालेले, तरी माना हलल्या.

तेवढ्यात दाराजवळून एक बारीकशी बाई उठली. वीस-बावीस वर्षांची असेल. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते, पण तिनं तोंड उघडलं आणि मी ओळखलं, ही कुपवाडची.

“आवं काकू, ताईंचं नाव नका खोडू,” ती म्हणाली. “त्यांनी माज्यासाटी लिवलं. माजाच हात चुकला व्हता. मी देते लिवून.” आणि ती वाकून पेन घ्यायला लागली.

सगळ्या खोलीला हायसं वाटलं. ते ऐकूच आलं मला. थोरली जाऊ तर “बघा, किती समजूतदार” म्हणून पोहे आणायला उठलीसुद्धा.

मी ओरडले. “खबरदार पेनाला हात लावशील तर! खाली बस! तुझा हात चुकलेला नाही, आणि चुकला म्हणून लिहिलंस तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही!”

ती गपकन बसली. तिचा चेहरा असा उतरला, की मला कळलं, तिच्या सासूबाईंनी बारशात तिला जे केलं तेच मी इथं करून बसले होते. जिच्यासाठी भांडत होते तिलाच सगळ्यांदेखत झापलं. पण आता थांबणं मला जमलं नसतं. मी पेन उचललं, सातवं पान काढलं, बावीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी ठळक अठरा लिहिलं. वहीतली पहिली खाडाखोड. काकूंनी शांतपणे वही ओढून घेतली, सभासदांच्या यादीचं पान काढलं आणि माझ्या नावावर दोन रेघा मारल्या. ती दुसरी.

परतीच्या एसटीत कऱ्हाडपर्यंत मी रडले. नाव गेलं म्हणून थोडं, त्या मुलीवर ओरडले म्हणून जास्त. रेघ मारल्याचं मात्र तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आज तीस वर्षांनीही वाटत नाही.

पुढच्या गुरुवारी तीन वाजता मी विणकाम घेऊन आमच्या दाराच्या पायरीवर येऊन बसले. काकूंच्या घराचा रस्ता आमच्या दारावरूनच जायचा. मंडळाला जाणाऱ्या प्रत्येकीनं मला बघितलं पाहिजे, हाच उद्देश होता, दुसरा काही नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, “आत ये, तमाशा कशाला?” मी पाच वाजेपर्यंत हलले नाही. काही जणी पदर सावरत पलीकडच्या कडेनं गेल्या. पोस्टामागची मैत्रीण मात्र थांबली, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, “बरं केलंस हो.”

“मग वहीत लिही,” मी म्हटलं.

“नको गं बाई,” म्हणाली, आणि गेली.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी अशीच बसलेली असताना पोस्टमन आला. कुपवाडचं कार्ड. दोन्ही बाजूंनी, पत्त्याच्या कडेपर्यंत भरून लिहिलेलं. मी पायरीवरच वाचलं.

‘ताई, तुमी वरडला त्याचा मला लय राग आला. चार दिवस तो गेला न्हाई. मग घरी सगळी जेवाय बसल्यावर सासूबाईंना सांगितलं की माजा हात वाकडा न्हाई, आकडा चुकला व्हता. त्यांनी फकस्त भाजी वाढाय सांगितली. मग सांगलीच्या बैठकीला गेले आणि तितंबी उठून तेच सांगितलं. काल माजंबी नाव खोडलं. फुडचा नमुना कवा पाठवताय?’