ताट कावून फेकलं?

आमच्या केंद्रात रोजच्या नोंदीचं एक रजिस्टर असतं. त्यातला शेवटचा रकाना म्हणजे 'शेरा', आणि तो असतो बोटभर! आमच्याकडच्या बबननं एका दुपारी आम्हा चौघांना लोळवलं, तरी मी तिथं लिहिलं, "किरकोळ." मग बाकीचं जाणार कुठं? ते डोक्यात साचतं आणि चार बायका जमल्या की बाहेर पडतं. माझा नवरा म्हणतो, "पाव्हणे माझ्यासाठी येतच न्हाईत, तुझं ऐकायला येतात." येऊ द्या की!

परळीहून सिरसाळ्याकडं निघालं की रस्त्याला लागून आमचं निवासी केंद्र आहे. ज्यांची समज वयाबरोबर वाढली नाही अशी बावीस मोठी माणसं तिथं राहतात. थोडी बोलतात, बरीचशी बोलत नाहीत. मी अकरा वर्षं तिथं काळजीवाहक आहे. काळजीवाहक म्हणजे आंघोळ घालणं, जेवू घालणं, औषधं देणं आणि ट्रेनिंगच्या आधीच्या काळात मार खाणं. माझ्या डाव्या मनगटावर दाताची खूण आहे, बांगड्या सारल्या की दिसते.

* * *

एका महिन्यात दोन काळजीवाहक काम सोडून गेले, तेव्हा आमचे व्यवस्थापक जगताप सर हादरले आणि त्यांनी आम्हाला ट्रेनिंग द्यायला संभाजीनगरहून नसरीन मॅडमना बोलावलं. बॅनर लागला: 'आव्हानात्मक वर्तन आणि सकारात्मक पाठबळ.' आमच्या वॉचमन दगडूमामांनी तो मोठ्यानं वाचला, "सरकारात्मक पाठबळ!" आणि खूश झाले. सरकारी हाय म्हणजे जेवण असणार!

मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "हे लोक मारतात, चावतात, फेकतात. कावून? का करतात असं?"

स्वयंपाक करणारी कौसाबाई म्हणाली, "ऊन." दगडूमामा म्हणाले, "अमुशा." मी म्हणाले, "सवय." जगताप सर म्हणाले, "लाड."

मॅडमनी काही फळ्यावर लिहिलं नाही. सरांनाच पुढं बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला आत्ता काय पाहिजे ते चिठ्ठीवर लिहून माझ्याकडं द्या. आता बोलायचं नाही, लिहायचं नाही, बोट दाखवायचं नाही. या लोकांकडून मिळवा."

सरांनी मान हलवली. मी पाणी आणलं. नको. कौसाबाईनं भाकरी आणली. नको. मी खुर्ची दिली. नको! दगडूमामा तर हात धरून त्यांना संडासापर्यंत घेऊन गेले आणि बाहेर उभे राहिले. सर परत आले ते लालबुंद होऊन. टेबलावर असा हात आपटला की पेला उडून दारात!

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "आव्हानात्मक वर्तन! चार मिनिटांत!" आणि चिठ्ठी उघडली. लिहिलं होतं, 'पंखा बंद करा.'

दगडूमामांनी उठून पंखा बंद केला. मग म्हणाले, "म्हंजी ही माणसं इतकी वर्सं आपल्याला पंखा बंद करा म्हणत व्हती?"

* * *

बबन आमच्याकडचा पैलवान. पस्तिशीचा, एक शब्द बोलत नाही. जेवणाचं ताट भिरकावणं हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. ताट उडालं की आम्ही चौघं त्याला धरायचो, मग तो चावायचा. मनगटावरची खूण त्याचीच.

मॅडमनी एक वही दिली. तीन रकाने: आधी काय झालं, मग काय झालं, नंतर काय झालं. मला राग आला. मार खायचा आम्ही आणि वर अभ्यासही आम्हीच करायचा! पण लिहीत गेले. पंधरा दिवसांनी वही चाळली तर खिचडीच्या दिवशी ताट जागेवर. पोह्याच्या दिवशी जागेवर. वरण-भाकरीच्या दिवशी हवेत!

दुसऱ्या दिवशी मी कौसाबाईचा हात बघत बसले. ती डाव एवढ्या मायेनं ओतायची की वरण भाकरीखाली शिरायचं, भाजीत मिसळायचं, चटणी तर त्यात पोहायलाच लागायची.

मी खणाखणांचं ताट आणलं. कौसाबाई भडकली. "बावीस वर्सं रांधते मी! माझ्या वरणाला नावं ठेवता व्हय?" पण वाढलं तिनं. बबननं एकेक खण निरखला. भाकरीला बोट लावून बघितलं. कोरडी! मग खाली मान घालून सगळं संपवलं आणि ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं. मी रडले हो, मोरीपाशी उभी राहून.

संध्याकाळी कौसाबाई हळूच म्हणाली, "खरं सांगू का ताई? भाकर भिजलेली मलाबी न्हाई आवडत."

"मग आजवर बोलल्या का नाहीत?"

"सासरात ताट फेकायची सोय व्हती का मला!"

* * *

रुक्मिणचं वेगळंच. दिसेल त्या फटीतून पळायची. तिला फक्त एस.टी. बघायची असायची. पळाली की धरायची, ओढून आणायची, मग ती गेटवर डोकं आपटायची. मॅडम म्हणाल्या, "तिला पळण्यापेक्षा सोपी वाट द्या." आम्ही एस.टी.चं चित्र चिकटवलेलं कार्ड तिच्या गळ्यात अडकवलं. कार्ड दाखवलं की कुणीतरी तिला स्टॉपवर न्यायचं, एक गाडी बघायची, परत यायचं.

पहिल्या दिवशी रुक्मिणनं अकरा वेळा कार्ड दाखवलं! अकरा वेळा दगडूमामा तिच्यासोबत स्टॉपवर. त्यात रस्त्यानं परळीच्या वीज केंद्राच्या राखेचे टिप्पर जात होते, राख उडून मामा पांढरेफटक. बाराव्यांदा कार्ड पुढं आलं तेव्हा त्यांनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, आता आव्हानात्मक वर्तन माझं चालू व्हनार हाय!"

मॅडम म्हणाल्या, "जा. तिला खात्री पटू द्या, मागितलं की मिळतं."

आठवड्याभरात कार्ड दिवसातून दोनदाच निघायला लागलं. मधे मामा तापानं पडले, तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी मामा गेटवर दिसताच परळीच्या गाडीच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि खिडकीतून ओरडला, "मामा, कुठं गेलते? बाई रोज येती, तुमी न्हाईत!"

* * *

हा किस्सा सांगताना मी अजून अडखळते.

सोपान स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायचा. सतत. गाल काळानिळा. म्हणून आम्ही त्याला स्पंजचं हेल्मेट घातलं होतं. चार वर्षं! डॉक्टरांना दाखवलं होतं, ते म्हणाले होते, "अशा लोकांचं असंच असतं." आम्हीही मान डोलावली होती.

ट्रेनिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "वागणं बदलायच्या आधी दुखणं शोधा." मी वही उघडली. बुक्क्या उजव्याच गालावर. गार पाणी प्यायलं की जास्त. घास कायम डावीकडं. दुसऱ्याच सकाळी त्याला घेऊन अंबाजोगाई गाठलं. दातांच्या डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवायची घाई केली नाही, आधी त्यालाच आरशात माझे दात बघू दिले, मग त्याचे. उजवी दाढ आतून पोखरलेली. निघाली ती.

गाडीत सोपान माझ्या खांद्यावर झोपला. दुपारी चार वाजता! चार वर्षं त्याची दाढ ठणकत होती आणि आम्ही त्याला हेल्मेट घालत होतो.

मी जगताप सरांना ती दाढ दाखवली. सर कुणापुढं वाकणारे नाहीत. पण ते सोपानच्या खाटेशी खाली बसले आणि म्हणाले, "चुकलं आमचं."

सोपाननं तोंड उघडून त्यांना रिकामी जागा दाखवली. नंतर महिनाभर जो येईल त्याला दाखवली. आमदारकीला उभे राहणारे एक पुढारी हार घेऊन आले होते, त्यांनाही!

हेल्मेटात कौसाबाई आता लसूण ठेवते.

* * *

घरच्यांसाठीही एक दिवस ट्रेनिंग होतं. शिरूर कासारच्या अलीकडच्या एका वाडीवरून गोदाबाई आली. तिचा मुलगा विठ्ठल सव्वीस वर्षांचा. घरची सगळी ऊसतोडीला जातात, मग त्यालाही बरोबर न्यावं लागतं.

मॅडमनी विचारलं, "तो बिथरला की तुम्ही काय करता?" बाकीचे म्हणाले, "समजावून सांगतो." गोदाबाईनं पिशवीतून दोर काढला आणि टेबलावर ठेवला.

"मी ह्यानं गाडीला बांधते. उसात बिबट्या असतो, ट्रॅक्टर असतो. कोयता चालवू का त्याच्यामागं पळू? सांगा तुमीच!"

मला वाटलं, आता मॅडम रागावणार. मॅडमनी दोर हातात घेतला. "तुम्ही त्याला इतकी वर्षं जिवंत ठेवलंत," त्या म्हणाल्या. "आता दुसरं काही शोधू या."

पावसाळाभर विठ्ठल आमच्याकडं राहिला. वही सांगत होती, आई दिसेनाशी झाली की बिथरतो. आणि त्याला गाठी मारायला लई आवडतं. उशा, चादरी, माझा पदर, सगळ्याला गाठी! आम्ही त्याला वाड्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, मोळी बांधायला शिकवलं. गोदाबाईला सांगितलं, डोक्याला केशरी रुमाल बांधा, उसात कुठूनही दिसला पाहिजे.

आधीच्या वर्षी मुकादमानं तंबी दिली होती, "त्याला आणायचं असंल तर माझ्या टोळीत येऊ नका." या पावसाळ्यानंतरच्या हंगामात त्यानं कसंबसं हो म्हटलं. पुढच्या दसऱ्याला गोदाबाईचा मला फोन. हसूनहसून बोलता येईना.

"ताई, मुकादमाचा फोन आलता. इठ्ठल येतोय ना म्हनला. त्याची मोळी सुटत न्हाई म्हनं. मी येते का न्हाई, हे मेल्यानं इचारलंच न्हाई!"

* * *

आणि आता अनसूया.

अनसूया आमच्या बावीस जणांतलीच एक, चाळिशीची. नीटनेटकी साडी, खांद्याला पिन, डोळ्याला चष्मा. थोडंच बोलते. कुणी आवाज चढवला की पूर्वी खिडकीची काच फोडायची. आम्हाला शिकवलं होतं: रागावलेल्या माणसाच्या अंगावर जायचं नाही. दोन हात लांब, खाली बसायचं. पाणी ठेवून हात मागं घ्यायचा. हळू आवाजात थोडेच शब्द बोलायचे. आठ महिने मी तिच्यापुढं अशीच बसत आले. काच एकही फुटली नाही.

एक दिवस तपासणीला मोठे साहेब आले. टिप्परांच्या रांगेत दोन तास अडकून आलेले. आल्या आल्या एक फाइल मागितली, आणि नेमकी तीच सापडेना! साहेबांचा आवाज चढला. "काय चाललंय काय इथं? बंद करून टाकीन!" जगताप सर तेच कपाट पुन्हा पुन्हा उचकायला लागले. कौसाबाई दाराआड. साहेबांना खाली बसा कोण म्हणणार?

तेवढ्यात अनसूया आत आली. माझं लक्ष खिडकीकडं. गेली काच, केंद्रही गेलं!

ती साहेबांपासून दोन हातांवर थांबली. खाली बसली. हातातला पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, हात मागं घेतला. आणि हळू म्हणाली, "राग आला. येतो राग. मी इथंच हाय."

साहेबांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. ते उभे. ती बसलेली. घाई कसलीच नाही. मग साहेबांनी खुर्ची ओढली, बसले. तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले. लांब श्वास सोडला.

"आता?" अनसूयानं विचारलं.

"आता बरंय," साहेब म्हणाले.

तिनं तांब्या घेतला आणि निघून गेली.

साहेबांनी दाराकडं बघितलं. मग अगदी खालच्या आवाजात सरांना म्हणाले, "या मॅडम कोणत्या बॅचच्या?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाशी धरला.

"पहिल्या बॅचच्या, साहेब."

"वाटलंच! बाकीच्या स्टाफला यांच्याकडूनच शिकवा."

"तेच चालू हाय, साहेब," सर म्हणाले.