माती थांबली नाय

कोर्टाच्या व्हरांड्यात ती बाई बाकावर ताठ बसली होती, मागच्या भिंतीला पाठ न टेकता. उस्मानपुऱ्यात आम्ही फ्लॅट बुक केलेल्या इमारतीचं काम तिच्याच अर्जावरून थांबलं होतं. शेजारी बसलो आणि मी तिला तसं सांगून टाकलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "पाया खोदताना शेजारच्या आमच्या घराची भिंत तडकली, म्हणून स्टे आणला. काम थांबलं, भाऊ. माती थांबली नाय. रोज थोडी थोडी खड्ड्यात पडती." बोलता बोलता तिनं बाकावर तळहात दाबून धरला. काही हलतंय का, हे ती बघत असावी.

पुकारा झाला. खड्ड्याच्या कडेनं आधाराची भिंत तेवढी बांधायची परवानगी मिळाली, बाकी काम बंदच राहिलं. तिनं तेच मागितलं होतं. तरी बाहेर येताच तिनं आपल्या वकिलांना विचारलं, "मशीन लागल्यावर हादरे बसतील ना?"

"थोडे बसणारच."

"मंग तवर सासूबाईला कुठं निजवू? त्यांना उठता येत नाय."

वकील पुढच्या केसची फाईल काढत आत वळले.

तोपर्यंत मला फक्त स्टे उठायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मी जागेवर गेलो. तिच्या स्वयंपाकघराखालची माती निघून गेली होती, पायाचे दगड खड्ड्यावर उघडे पडले होते. मी खाली वाकून बघत होतो, तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. मी घाबरून मागं सरलो.