मडक्यातला ज्वालामुखी

भिंतीला लोणा लागला की लोक गवंड्याला बोलावतात. मी आधी त्या भिंतीकडं पाठ करून बसते. रंगाचा पापुद्रा फुगतो, मधोमध फुटतो, कडा वर उचलल्या जातात आणि आतून पांढरी भुकटी गळत राहते. भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीचं चित्र होतं, अगदी तसं. घरच्यांना वाटतं, म्हातारीला घाण खपत नाही. वाटू दे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कोल्हापुरात घरांना चुना मारायचं काम करायचे. गंगावेशीजवळ आमच्या दोन खोल्या आणि मागं परडं. परड्यात अर्धं कापलेलं लोखंडी पिंप असायचं. आबा त्यात कळी टाकायचे. कळी म्हणजे भट्टीतून आलेले चुन्याचे कोरडे खडे. वरून पाणी ओतलं की खडे तडकायचे, फुगायचे आणि सगळं पिंप रटरट उकळायला लागायचं. खाली जाळ नाही, काडी नाही, आणि वाफ अशी की जवळ उभं राहायची सोय नाही.

आबांचा एकच कायदा होता. "अंगावर कळी उडाली तर पाणी लावायचं न्हाय. पाणी लागलं की ती पेटती. कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि वर तेल चोपडायचं." त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच सांगितलेलं. आणि पाणी पडल्यावर पिंपात काय होतं ते आम्ही रोज डोळ्यांनी बघत होतो. मग खोटं कसं म्हणायचं?

मी सहावीत असताना, हिवाळ्यात, कोयनेचा भूकंप झाला. पहाटे फळीवरची भांडी खाली आली आणि सगळी गल्ली अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यात. त्याच्या थोडं आधी बाईंनी वर्गात शिकवलं होतं की आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, आपले डोंगर त्याचेच. मी शहाणीनं ते गल्लीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच माझ्याकडं परत आलं: जोतिबाचा डोंगर आता फुटणार! पराचा कावळा करण्यात आमच्या गल्लीचा हात कोण धरणार?

मोठ्यांनी चार दिवस चघळलं आणि सोडून दिलं. सोडलं नाही ते माझ्या धाकट्या बहिणीनं. ती सहा वर्षांची होती. भिंतीला तडा दिसला की विचारायची, "आक्का, हितनंच येणार काय ग त्यो?" डांबरी रस्त्यावर फुगवटा दिसला की त्याला वळसा घालून जायची. तव्यावर भाकरीचा पापुद्रा फुटून वाफ सुटली तरी आईच्या पदरात शिरायची. भाकरी खाईना, परड्यात एकटी जाईना.

मी तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवून घेतलं. पण ती वाळायला लागली, तेव्हा मलाच कसंतरी व्हायला लागलं. गल्लीत ज्वालामुखी मीच आणला होता की. म्हटलं, हिला एकदा दाखवूनच टाकू. एवढासा बघितला की भीती जाईल.

भूकंपानं घरोघरी भिंती तडकलेल्या, त्यामुळं आबांना दम खायला फुरसत नव्हती. त्या दुपारी ते कामावर होते आणि आई दळण आणायला गेली होती. मी अरुंद तोंडाचं मडकं घेतलं, भोवती चिखल थापून डोंगर केला, आत कळीचे खडे टाकले आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"हे बघ, एवढाच असतोय त्यो."

बराच वेळ काही झालं नाही. शिळी कळी अशीच असते, उशिरा जागी होते. हे मला माहीत होतं. पण मला हसू येत होतं, फजिती झाल्याचं.

"विझला काय ग?" म्हणून ती वाकली. आणि मडकं फुटलं.

तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. उजव्या डोळ्यावर हात दाबून ती पळाली, ती थेट परड्यातल्या पाण्याच्या हौदाकडं. कुणी शिकवलं नव्हतं तिला. तिच्या अंगाला जे कळलं, ते माझ्या डोक्याला कळलं नाही. मी मागून दोन्ही हातांचा कवळा घालून तिला धरलं. "पाणी लावू नगंस, डोळा जाईल!" ती तडफडली, माझ्या मनगटाला कडकडून चावली. हौद चार पावलांवर होता. मी सोडलं नाही. ओढत घरात आणलं आणि डोळ्यात गोडं तेल घातलं. आई आली, तिनंही तेलच घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "डोळा पाण्यानं धुतला का?" आई पोरीला घेऊन आत होती. बाहेर आबा आणि मी. आबा म्हणाले, "न्हाय साहेब, तेल घातलं." डॉक्टर भडकलेच. म्हणाले, "अहो, भडाभडा पाणी ओतायचं! एवढ्याशा कळीला एवढं पाणी घातल्यावर ती वाहून जाते, पेटायची कुठली? धुतला असता तर डोळा राहिला असता."

आबा भिंतीला टेकून खाली बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे घरात न्यायचं न्हाय. कायदा माझा हुता." त्यानंतर त्यांनी चुन्याला हात लावला नाही. लाकडाच्या वखारीत हमाली धरली.

तिच्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर पांढरं, मधे खोलगट, कडेला उचललेलं. मला ते तिच्या तोंडावर बघवेना, म्हणून मी भिंतीकडं बघायची, तर तिथंही तेच. रस्त्यावर, छतावर, सारवलेल्या जमिनीच्या पोपड्यात. जिथं बघावं तिथं ते मला बघत बसलेलं असायचं.

आणि घरात गोष्ट उलटीच रुजली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "थोरलीनं कवळा घालून धरलं म्हणून दुसरा डोळा तरी ऱ्हायला. पाण्यात तोंड घातलं असतं तर दोन्ही गेले असते." आबा उठून बाहेर जायचे. बहिणीला बघायला पावणे आले की ती स्वतःच डोळ्याचं सांगून टाकायची आणि चहा देणाऱ्या माझ्याकडं बोट दाखवायची: "ह्या आक्कानं वाचवलं मला." किती वेळा ओठांवर आलं! पण तिचं ते कौतुकानं भरलेलं तोंड बघितलं की माझी दातखीळ बसायची. भ्याले, दुसरं काय.

आबा जायच्या आदल्या दिवशी शुद्धीत होते. मला विचारलं, "सांगितलं न्हाईस नव्हं?" मी म्हटलं, "न्हाय." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

बहिणीला गारगोटीत दिलं होतं. एके वर्षी नवरात्राआधी घर आवरायला तिनं मला बोलावलं. तिच्या नवऱ्यानं परड्यात पिंपात कळी भिजत घातली आणि तो बाजाराला गेला. तिची मुलगी सहा वर्षांची होती. काठीनं ढवळायला गेली आणि ओरडली.

बहीण माझ्याआधी पोचली. मुलगी डोळा दाबून पाण्याकडं ओढ घेत होती आणि बहिणीनं तिला मागून कवळा घालून धरलं होतं. "आक्का, तेल आण! फळीवर हाय! पाणी लागू दिऊ नगंस!"

तसंच. अगदी तसंच.

मी तेलाकडं गेले नाही. पोरीला तिच्या हातातून हिसकावलं, आडवी केली, बोटांनी पापण्या फाकल्या आणि घागरच ओतली. बहीण माझ्या पाठीवर गुद्दे घालत होती. "पोरीचा जीव घितीस काय!" मी दुसरी घागर ओतली. तिसरी ओतली. तोवर तिनं स्वतःच तेलाची बाटली आणली होती, ती तिच्या हातात तशीच राहिली.

तिथल्या डॉक्टरांनी पोरीचा डोळा तपासला आणि म्हणाले, "काही नाही झालं. वेळेवर धुतला, शाबास."

घरी आल्यावर बहीण उंबऱ्यात थांबली.

"तुला कवापासनं म्हाईत हाय?"

"त्याच दिवसापासनं. डॉक्टर आबांना बोलले, तवा मी हुतो तिथं."

"मी हौदाकडंच पळालो हुतो. व्हय नव्हं?"

"व्हय."

एवढंच. तिनं चूल पेटवली आणि भाकऱ्या थापायला बसली. मी शेजारी बसून पीठ मळून देत होते. पोरगी लाल डोळा घेऊन तिच्या मांडीला रेलली होती. आईच्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं, "आई, तुझ्या डोळ्यात पाणी घालायला कोण न्हवतं काय ग?"

तव्यावरची भाकरी फुगली, फुटली, वाफ सुटली. बहिणीनं ती उलटली.

"न्हवतं," ती म्हणाली. "कोणच न्हवतं."

मी पुढचा गोळा तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला.