कणगीला लावलेला कान

आमच्या मामांइतकं मनापासून वैर जपणारा माणूस अख्ख्या बालाघाटात दुसरा झाला नसेल. मामा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. त्यांचं वैर भावकीशी नव्हतं, बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याशी नव्हतं, निवडणुकीत विरुद्ध पॅनेल उभं करणाऱ्यांशी तर अजिबात नव्हतं. त्या सगळ्यांना ते घरी बोलावून चहा पाजायचे. त्यांचं वैर होतं सोंड्याशी. सोंडा म्हणजे ज्वारी-गव्हाच्या दाण्याला भोक पाडून आत संसार थाटणारा, तिळाएवढा, काळपट, पुढे बारीकशी सोंड असलेला किडा. चाळणीत तो दिसला की आपण फुंकर मारतो आणि विसरून जातो. मामा विसरत नसत. चपला घालून कोणी थेट देवघरापर्यंत यावं, तसा त्यांचा चेहरा व्हायचा. आणि जुन्या वळणाच्या बायका जसं नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसं मामा त्या किड्याचं नाव घेत नसत. ‘त्यो’ म्हटलं की घरातल्या सगळ्यांना कळायचं.

धारूरचा घाट उतरून गेलं की त्यांचं गाव. घर साधं, पत्र्याचं, पण मधली खोली धान्याची, आणि त्या खोलीत मामांचं राज्य. गावात घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या तरी मामांनी आणली नाही. “पत्र्याला घाम येतो,” ते म्हणायचे, “घाम आला की दाना सर्दाळतो. आन दाना सर्दाळला की त्यो बसलाच पंगतीला.” त्यांची कणगी तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची विणलेली, छातीइतकी उंच, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. तळाशी मुठीएवढं भोक आणि त्यात चिंध्यांचा बोळा. लागेल तशी ज्वारी त्या भोकातून काढायची. भरताना ज्वारीचा एक थर, त्यावर सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, पुन्हा ज्वारी, मग चाळलेली राख, आणि मध्ये मध्ये बिब्बे. कणगी भरायचा दिवस त्या घरात सणासारखा असायचा. फरक इतकाच की सणाला जेवायला मिळतं आणि त्या दिवशी कणगीचं तोंड लिंपून होईपर्यंत मामा चूल पेटवू देत नसत, कारण स्वयंपाक म्हटला की पाणी आलं आणि ओल्या हाताचं माणूस आत शिरलं तर सगळं मुसळ केरात, असं त्यांचं म्हणणं.

धान्य वाळलं की नाही हे ते दातानं ठरवायचे. दाणा दाढेखाली धरायचा. ‘कट्’ असा आवाज आला तर पास, ‘कच्’ असा आला तर आणखी एक ऊन. वैशाखाच्या उन्हात अंगणभर ज्वारी पसरलेली आणि मामा कडेला छत्री घेऊन बसलेले, हे दृश्य मी लहानपणापासून पाहिलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाणी विचारायच्या आधी दाणा चावायला द्यायचे. तलाठी आले तरी तेच, जावई आले तरी तेच. एकदा गावात व्याख्यान द्यायला आलेले एक म्हातारे प्राध्यापक त्यांच्या तावडीत सापडले. त्यांची कवळी होती. त्यांनी तसं हळूच सांगितलं तेव्हा मामांनी सहानुभूतीनं त्यांचा हात दाबला आणि म्हणाले, “मग तुमी धान्य कसं राखता हो?”

माझ्यासाठी कडा गावाच्या बाजूला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा वडीलधारे म्हणून मामा बरोबर होते. पोहे झाले, प्रश्न विचारून झाले आणि पाहतो तर मामा जागेवर नाहीत. थोड्या वेळानं ते आतल्या खोलीतून आले, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर केलेली आणि मुठीत तांदूळ. सगळ्यांच्या समोर सतरंजीवर मूठ उघडून म्हणाले, “पोरगी चांगली हाय. पन तांदळाला जाळी हाय.” माझे वडील भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. तेवढ्यात दाराआडून मुलीचाच आवाज आला, “तांदूळ पाव्हन्यांनी दिल्याला हाय. आमचा गहू बघा की.” मामा लगेच उठले, आत गेले, पुष्कळ वेळ आत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, “जमलं.” मुलीनं मला पसंत केलं की नाही हे कोणी विचारलंच नाही. ती आज माझी बायको आहे, आणि आमचं लग्न गव्हानं जमवलं असं ती चारचौघांत सांगते.

त्यांच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट तर गावात अजून निघते. आमच्याकडे अक्षदा ज्वारीच्या. बाजारची ज्वारी लेकीच्या डोक्यावर पडू द्यायची नाही, म्हणून मामांनी स्वतःच्या कणगीतली काढली आणि रंगवायला दिली. त्या वर्षी त्यांनी वास चांगला सुटावा म्हणून बिब्बे चिरून टाकलेले होते, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर काय होतं हे आमच्या भागात शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक आहे. शेवटचं मंगलाष्टक झालं, अक्षदा पडल्या आणि राखेचा एक छोटासा ढग मांडवात उठला. सगळे शिंकले. तिसऱ्या दिवशी नवरदेवाची मान फोडांनी उतली आणि वरमाईचे हात. वरपक्षाकडचे पाहुणे तणतणत आले. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “खाज काय, खोबऱ्याचं तेल लावलं की जाईल. पन अक्षदांत एक तरी किडा घावला का, तेवढं सांगा.” पाहुण्यांना कबूल करावं लागलं की नाही घावला.

पण हे सगळं एकीकडे आणि मामांचा कान एकीकडे. सोंड्याची अळी दाण्याच्या आत बसून कुरतडते, त्याचा आवाज येतो, आणि तो मामांना यायचा. रोज सकाळी अंघोळ झाली की ते मधल्या खोलीत जायचे, कणगीला दोन्ही हातांनी कवेत घ्यायचे आणि डोळे मिटून कान लावायचे. त्या वेळी घरात कोणी भांडं वाजवायचं नाही. आत्या भाकरी थापता थापता हात वर धरून थांबायची आणि त्यांच्याकडे बघत राहायची. मग मामा म्हणायचे, “शांत हाय.” आणि घर पुन्हा सुरू व्हायचं. गावातले लोक त्यांना आपल्या कोठीला कान लावायला बोलवायचे. मामा ऐकून “दानं खात्यात” म्हणाले की कोठी उपसायची, आणि बुडाशी भुगा निघायचाच. मीही एक-दोनदा कान लावून बघितला. मला माझ्याच रक्ताची घूंघूं ऐकू आली.

मामांचं वय झालं आणि तो कान जायला लागला. आधी मोबाइल वाजलेला कळेना, मग दारावरची थाप कळेना. जवळ बसून बोललं की ऐकू यायचं, म्हणून त्यांना स्वतःला विशेष काही वाटत नव्हतं. कणगीला मात्र ते रोज कान लावत होते आणि रोज “शांत हाय” म्हणत होते. मी धारूरला नोकरीला आहे, त्यामुळे आठवड्याला चक्कर असते. एकदा गेलो तर आत्यानं मला गोठ्यामागे नेलं आणि पदराखालचं सूप दाखवलं. बोळा काढल्यावर कणगीतून ज्वारीबरोबर पीठ आलं होतं, आणि त्या पिठात सोंडे निवांत हिंडत होते.

“ह्यांला कळू देऊ नगंस,” आत्या म्हणाली. “अन्न सोडतील. जलमभर गावाच्या कोठ्या आयकल्या, आन आता घरचीच आयकू आली न्हाई म्हनल्यावर मान्सात बसनार न्हाईत.”

तिचं खरं होतं. मामांना गुडघे दुखलेले चालत होते, कमी दिसायला लागलेलं चालत होतं. पण हे त्यांना सोसलं नसतं. मग आम्ही दोघांनी बेत केला. मामा नारायणगडाला दर्शनाला गेले त्या दिवशी मी बाजारातून ज्वारीचं पोतं मोटारसायकलवर घेऊन आलो. कणगीत पोतंभरच ज्वारी उरली होती, ती उपसली, किडकी ज्वारी कोंबड्यांना टाकली, कणगी झाडून पुसून पुन्हा भरली. पाला, राख, बिब्बे सगळं रीतसर. तोंड लिंपलं, पण ते सांजेपर्यंत वाळायचं कसं? आत्यानं घमेल्यात निखारे भरून कणगीशेजारी ठेवले. मामा परतले तेव्हा ती खोली भट्टीसारखी तापली होती. “आज ऊन लई व्हतं बग,” आत्या आपणहून म्हणाली. मामांनी प्रसाद दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कान लावून “शांत हाय” म्हणाले. आमचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तरी ते खरं होतं.

मागच्या महिन्यात मी दुपारचा गेलो. मामांबरोबर ओसरीत जेवायला बसलो. आत्या कळशी घेऊन बोअरवर गेली. कमी ऐकू येणाऱ्या माणसांना हळू बोलता येत नाही, म्हणून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मामा तोंड मिटून बसले. मग भाकरीचा तुकडा बोटांत दाबत म्हणाले, “कोन्च्या बाजाराची आनली रं ही ज्वारी?”

मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“कान गेलाय माझा, जीभ न्हाई गेली. आपल्या ज्वारीची भाकर सांजेला बी मऊ ऱ्हाती. ही सकाळी केली की दुपारी वातड.”

“मग मामा, तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तिनं एवढी खटपट केली.” त्यांनी तुकडा कालवणात बुडवला. “मला त्या कणगीतलं काय बी आयकू येत न्हाई आता. कान लावला काय आन न्हाई लावला काय. पन मी कान लावला की ती भाकर थापायची थांबती आन बघत बसती माझ्याकडं. न्हाई लावला तर तिला कळंल, मला कळलंय म्हनून. तू काय सांगू नगंस तिला.”

एवढं बोलणारा माणूस, पाहुण्यांच्या तोंडावर तांदळाची जाळी दाखवणारा, महिनोन् महिने रोज सकाळी उठून एका मुक्या कणगीला कवेत घेत होता आणि बायकोसाठी “शांत हाय” म्हणत होता. मी मान हलवली.

आत्या आली. कळशी ठेवून पदरानं हात पुसत तिनं मामांच्या ताटात पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, “भाकर वाढू का अजून?”

“वाढ आर्धी,” मामा म्हणाले. “घरची ज्वारी हाय, नगं म्हनवत न्हाई.”